न दुखणारा गुडघा बदलताना

काका एसटीत कंडक्टर होते. माझ्या खोलीत आले तेव्हा एकाच पायात चप्पल होती. दुसरी बाहेर व्हरांड्यात निसटून पडली होती आणि त्यांना त्याचा पत्ताच नव्हता. डावा गुडघा बाहेरच्या अंगाला धनुष्यासारखा वाकलेला, सुजून नारळाएवढा. "काका, दुखतं किती?" मी विचारलं. "दुखत नाही ओ ताई फारसं, नुसता वाकडा झालाय. नवा टाकून मिळतो म्हणे, तेवढा टाकायचा." त्यांच्या दृष्टीने विषय संपला होता. माझं लक्ष मात्र अजून त्या बाहेरच्या चपलेकडेच होतं.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, सर्जन नाही. गुडघा बदललेली पुष्कळ माणसं चालती केली. त्यांत नसांच्या, म्हणजे मज्जातंतूंच्या आजाराने गुडघा गेलेली मोजकीच, पण माझा वेळ सर्वांत जास्त त्यांच्यावर गेला. म्हणून हा लेख त्यांच्यासाठी आणि त्याहून अधिक त्यांच्या घरच्यांसाठी.

आधी हा कुठला गुडघा ते ओळखा

या सांध्याला डॉक्टर 'शार्को जॉइंट' म्हणतात. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयातल्या जाँ-मार्तँ शार्को यांनी १८६८ मध्ये त्याचं वर्णन केलं. त्यांचे रुग्ण होते सिफिलिस या गुप्तरोगाने मज्जारज्जू पोखरलेले, आणि त्यांच्यात गुडघा हा नेहमीचा बळी. आज सर्वांत मोठं कारण मधुमेह आहे. मधुमेहात पहिला मार पाऊल आणि घोट्यावर बसतो, गुडघ्याची पाळी क्वचित येते. पण २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीत देशातल्या मधुमेहींची संख्या सुमारे १० कोटी १० लाख निघाली. एवढ्या गर्दीत 'क्वचित'सुद्धा आपल्या ओळखीत निघतो. (रिपोर्टवर 'शार्को-मारी-टूथ' असं दिसलं तर गोंधळू नका. तो नसांचा वेगळा, आनुवंशिक आजार आहे, नाव तेवढं त्याच शार्कोंचं.)

होतं काय, तर पायाची जाणीव कमी होते. पाय मुरगळला, हाडाला बारीक चीर गेली, सांध्यात पाणी झालं तरी आतून 'थांब' असा निरोप येत नाही. माणूस त्याच पायावर बाजारात जातो, जिने चढतो. वेल्लोरला कुष्ठरुग्णांवर काम करताना डॉ. पॉल ब्रँड यांनी हेच दाखवून दिलं होतं. बोटं रोगाने 'झडत' नाहीत, दुखत नसल्यामुळे ती भाजतात, चिरडतात, झिजतात. शार्को गुडघ्यात याच्या जोडीला हाडातला रक्तपुरवठा आणि दाह यांचं तंत्र बिघडतं, हाड विरघळायला लागतं. त्यामुळे साध्या संधिवातात जी मोडतोड व्हायला वर्षं लागतात ती इथे काही महिन्यांत होते, कधी काही आठवड्यांत.

घरी संशय कशावरून यावा? गुडघा मोठा सुजलेला, वाकडा, आतून कटकट वाजणारा, आणि त्या मानाने दुखणं फार कमी. अजिबात दुखत नाही असं नव्हे, कित्येकांना थोडं दुखतंच. पण एक्स-रे पाहून डॉक्टर दचकतात आणि पेशंट चालत आलेला असतो, ही विसंगती महत्त्वाची. मग असे प्रश्न विचारा. बेसिनसमोर तोंड धुताना डोळे मिटले की तोल जातो का? रात्री दिवा नसताना भिंत धरावी लागते का? गादीवर किंवा कापसावर चालल्यासारखं वाटतं का? चप्पल निसटलेली कळते का? डोळे मिटायला सांगून पायाचा अंगठा बाजूंनी धरा, वर-खाली करा आणि विचारा, "वर की खाली?" काकांनी पाचपैकी तीनदा चुकीचं सांगितलं, आणि तेही अगदी ठाम आवाजात.

कारण सापडल्याशिवाय तारीख घेऊ नका

"शुगर आहे, म्हणजे त्यानेच" हा अंदाज बहुतेक वेळा बरोबर निघतो, पण अंदाजावर गुडघा कापू नये. न्यूरॉलॉजिस्टकडे एक फेरी होऊ द्या. ते १० ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा तळव्याला टेकवून बघतात, १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क हाडावर ठेवतात, गरज असेल तर एनसीव्ही, म्हणजे नसांचा वेग मोजणारी तपासणी करतात. रक्तात बी-१२ आणि सिफिलिसची चाचणी होते. सिफिलिसचं नाव काढलं की घरात सगळे छताकडे बघायला लागतात. बघू द्या, तपासणी मात्र करा, कारण त्यावर औषध आहे. मणक्यात पोकळी होण्याचा आजार, पाठीच्या कण्याची जुनी इजा, कुष्ठरोग, अनेक वर्षांची दारू, जन्मतःच वेदना न कळणं ही बाकीची कारणं. लागल्यास मणक्याचा एमआरआय होतो.

बी-१२कडे आपल्याकडे विशेष लक्ष हवं. शाकाहार आणि त्यावर कित्येक वर्षं चाललेली मेटफॉर्मिनची गोळी, दोन्हींनी ते उतरतं. गेलेली नस पूर्ण परत येईल असं नाही, पण राहिलेली वाचवता येते.

मग दुसरा प्रश्न, आत जंतुसंसर्ग तर नाही ना? तापलेला शार्को गुडघा आणि पू झालेला गुडघा वरून सारखेच दिसतात, दोन्ही लाल, गरम, सुजलेले. ईएसआर आणि सीआरपी या दाह दाखवणाऱ्या रक्तचाचण्या तर कराच, पण निर्णय बहुधा सुईने काढलेल्या पाण्यावर होतो. त्यातल्या पेशी मोजतात, कल्चर लावतात, म्हणजे जंतू वाढतात का ते बघतात. कल्चरचा रिपोर्ट यायला काही दिवस लागतात, तेवढे थांबा. जंतू असताना धातूचा गुडघा बसवला तर पुढची कित्येक वर्षं त्याच्याशी झुंजण्यात जातात.

तापलेला सांधा निवू द्या

आयकेनहोल्ट्झ यांनी १९६६ मध्ये या आजाराच्या तीन पायऱ्या मांडल्या. पहिलीत हाडाचे तुकडे पडतात, सांधा गरम असतो. दुसरीत तुकडे विरघळायला आणि जुळायला लागतात. तिसरीत हाड घट्ट होऊन जसा असेल तसा आकार धरतं. बहुतेक सर्जन पहिल्या पायरीत हात लावत नाहीत, कारण भुसभुशीत हाडात धातू धरत नाही. या काळात ब्रेस आणि वॉकर, पायावर शक्य तितका कमी भार. किती दिवस, हे कॅलेंडर ठरवत नाही. सूज, उष्णता आणि ओळीने काढलेले एक्स-रे ठरवतात. महिने जातात.

घरचे इथे वैतागतात. "दुखत नाही तर बसवून का ठेवलंय?" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता उत्तर द्यायच्या आधी चहा मागवते.

बदलायचा, की नाही

एके काळी शार्को गुडघा बदलू नये असाच पुस्तकी नियम होता. सांधा सरळ करून हाडाला हाड जोडायचं, म्हणजे गुडघा कायमचा ताठ. पण या हाडांत ती जुळणीही सहज होत नाही. झाली तरी एसटीच्या सीटवर पाय आडवा पडतो, रिक्षात बसता येत नाही. पुढे जास्त आधार देणारे कृत्रिम सांधे आले आणि निवडक रुग्णांत गुडघेबदल मान्य झाला. साध्या संधिवाताच्या गुडघ्यापेक्षा गुंतागुंत मात्र आजही जास्त होते. सांधा ढिला पडणं, निखळणं, जवळचं हाड मोडणं, जंतुसंसर्ग, हे सगळं सर्जनने तुमच्यासमोर मोकळेपणाने मांडायला हवं. "काही होत नाही, तिसऱ्या दिवशी चालाल" असं कुणी म्हणालं तर दुसरं मत घ्या.

माझ्या मते शस्त्रक्रिया लांबवावी अशी माणसं तीन प्रकारची. पहिली, पावलाला उघडी जखम असलेली. दुसरी, तोल इतका गेलेला की नव्या गुडघ्यावरही रोज पडतील. तिसरी, घरात सांभाळायला कुणीच नसलेली. त्यांच्यासाठी मांडीपासून पावलापर्यंतचा कॅलिपर आणि वॉकर हा कमीपणाचा पर्याय नाही. मी त्यावर वर्षानुवर्षं शेतात जाऊन येणारी माणसं पाहिलीत. मांडीच्या पुढच्या स्नायूत जोर नसेल आणि गुडघा मागे उलटा वाकत असेल, तर हे सर्जनला आवर्जून दाखवा. नवा सांधाही त्याच दिशेने उलटा जाऊ शकतो.

कुठला गुडघा बसवणार, हे विचारा

साध्या गुडघेबदलात हाडांच्या टोकांवर धातू आणि मध्ये प्लास्टिक बसतं, पण त्यांना एकत्र धरतात तुमचीच लिगामेंट, म्हणजे हाडांना बांधणारे पट्टे. शार्कोमध्ये तीच सैल पडलेली असतात आणि खालचं हाड खचलेलं असतं. पोचट भिंतीवर नवी चौकट बसवल्यासारखं होतं. म्हणून इथे सांध्यालाच आधार द्यावा लागतो. थोड्या ढिलाईला 'कन्स्ट्रेन्ड' प्रकार, जास्त असेल तर 'रोटेटिंग हिंज'. हा दाराच्या बिजागरीसारखा दोन्ही भाग जोडून ठेवतो, शिवाय थोडा फिरतो, त्यामुळे पीळ सगळाच हाडावर येत नाही. सोबत हाडाच्या पोकळीत उतरणाऱ्या लांब दांड्या, म्हणजे स्टेम, आणि खचलेल्या जागी धातूच्या पाचरी. बिजागरी जितकी घट्ट, तितका भार हाड आणि सिमेंटच्या जोडावर येतो, म्हणून दांडी हवीच.

सर्जनला विचारायचे प्रश्न एका कागदावर लिहून न्या. अशा गुडघ्याचा तुमचा अनुभव किती? कुठला सांधा योजलाय आणि का? उघडल्यावर हाड अंदाजापेक्षा खराब निघालं तर हिंज आणि पाचरींचा सेट त्या दिवशी थिएटरमध्ये हजर असेल का? हा शेवटचा प्रश्न सर्वांत कामाचा. पूर्ण पायाचा उभं राहून काढलेला एक्स-रे आणि सीटी स्कॅन झाला असेल तर त्याचं उत्तर लगेच मिळतं.

पैशाचंही इथेच बोलून घ्या. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणाने गुडघ्याच्या सांध्यांना कमाल किंमत लावली. साध्या कोबाल्ट-क्रोमियमच्या गुडघ्याला तेव्हा जीएसटी सोडून ५४,७२० रुपये ठरले, पुढे आकडे बदलत गेले. पण तुमचा गुडघा साधा नाही. स्टेम आणि पाचरींनी बिल वाढतं, म्हणून सुट्या भागांसकट लेखी अंदाज मागा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत काय बसतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटून विचारा. आणि सांध्याच्या खोक्यावरचे स्टिकर फाइलमध्ये चिकटवून घ्या. दहा वर्षांनी एखादा भाग बदलायची वेळ आली तर नव्या सर्जनला पहिल्यांदा तेच लागतात.

आधीचे सहा-आठ आठवडे

एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी, किती हवं यावर सर्जनांचं एकमत नाही, पण साडेसात-आठच्या आत आल्याशिवाय बरेच जण तारीख देत नाहीत. तंबाखू, मिश्री, बिडी किमान चार आठवडे आधी बंद. मिश्री म्हणजे तंबाखूच, हे बायकांना वेगळं सांगावं लागतं, "आम्ही कुठे तंबाखू खातो!" असं उत्तर येतं. दात, लघवी आणि नखांच्या कडा तपासून घ्या, जंतू तिथून येतात. पायाच्या नाड्या लागत नसतील तर डॉप्लर, म्हणजे रक्तप्रवाहाची सोनोग्राफी.

भूलतज्ज्ञांना दोन गोष्टी न विचारता सांगा. उठून उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते का, आणि पोट खूप वेळ भरल्यासारखं राहतं का. मधुमेहात आतल्या अवयवांच्या नसाही जातात, रक्तदाब अचानक कोसळतो. हृदयविकाराचा झटकासुद्धा छातीत न दुखता येऊ शकतो, म्हणून ईसीजी 'बरा' आला तरी टूडी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, टाळू नका. पायातली बधिरता आधीच फाइलवर नोंदवून घ्या, नाहीतर ऑपरेशननंतर "भुलीच्या सुईने पाय बधिर झाला" असा वाद उभा राहतो.

घर याच दिवसांत तयार करा. पलंगापासून संडासापर्यंत रात्रभर जळणारे बारीक दिवे लावा, कारण ज्याच्या पायाला जमीन कळत नाही तो डोळ्यांनी चालतो. न्हाणीत दोन दांडे, कमोड किंवा कमोडची खुर्ची. पायपुसणी आणि सतरंज्या उचला. उंबरठ्याच्या कडेला पिवळी पट्टी चिकटवा. मागे पट्टा असलेली सँडल घ्या. वॉकरची उंची अशी, की हात सैल सोडल्यावर मनगटाची घडी मुठीच्या पातळीला यावी.

ऑपरेशननंतर

रुग्णालयातले दिवस इतर गुडघ्यांसारखेच जातात. फक्त टाच गादीला टेकू देऊ नका, पोटरीखाली उशी घालून ती अधांतरी ठेवा. बधिर टाचेवर एका रात्रीत फोड येतो आणि पेशंट शांत झोपलेला असतो. दाबाचे मोजे दिवसातून दोनदा काढून कातडी बघा.

शेजारच्या खाटेवरचा पेशंट तिसऱ्या दिवशी काठीवर आला म्हणून तुम्ही येऊ नका. त्याला गुडघा थांबवतो, तुम्हाला कुणी थांबवत नाही. माझ्याकडच्या एका आजींनी घरी गेल्यावर चौथ्याच दिवशी वॉकर बाजूला ठेवून देवघरासमोर मांडी घालायचा प्रयत्न केला होता. दुखलंच नाही, म्हणाल्या. म्हणून इथे किती वाकवायचं, किती भार टाकायचा हे सर्जन आकड्यात सांगतो आणि पुढचा आकडा एक्स-रे बघूनच मिळतो. ब्रेस आणि वॉकर साध्या गुडघ्यापेक्षा लांबतो. मांडी घालणं, उकिडवं बसणं, पाट, हे कायमचं बंद.

व्यायामात मी भार वाढवण्यापेक्षा मांडीचा स्नायू आणि तोल यांवर वेळ घालवते. आरशासमोर उभं करते, म्हणजे गुडघा कुठे चाललाय ते डोळ्यांना दिसतं. टाच आधी टेकवा, खाली बघा, मग पुढचं पाऊल. सुरुवातीला चालताना कुणी बोलायचं नाही, असा आमच्या हॉलमध्ये नियमच आहे.

शेक देऊ नका. बर्फही थेट लावू नका. हे मी तीनदा सांगते, तरी घडतं. एका सुनेने मायेने रबरी पिशवीचा शेक दिला. सासूबाईंनी "बरं वाटतंय" म्हटलं, आणि संध्याकाळी टाक्यांच्या शेजारी तळहाताएवढा फोड. तो भरेपर्यंत व्यायाम थांबले.

वही आणि टेप

दुखणं जे काम करतं ते आता घरातल्या कुणीतरी करायचं आहे. शंभर पानी वही, शिंप्याची टेप, थर्मामीटर आणि शुगरचं मशीन. रोज सकाळी उठल्याबरोबर गुडघ्याच्या वाटीच्या मध्यावर घेर, पोटरीचा घेर, अंगाचा ताप, उपाशीपोटीची शुगर. टेप नेहमी त्याच जागी यावी म्हणून बॉलपेनने ठिपका. हाताच्या पाठीने दोन्ही गुडघे चाचपा. नवा गुडघा काही महिने कोमट असतोच, त्याने घाबरू नका. कालपेक्षा आज जास्त, आजपेक्षा उद्या जास्त असं चढत गेलं तर फोन करा.

कारण नसताना शुगर दोन-तीन दिवस चढलेली राहिली तर आधी जखम बघा, मग जेवणाची चौकशी. कुठेतरी जंतू लागल्याची ती पहिली खूण असू शकते. पोटरी एकाच पायाची फुगली तर रक्ताची गुठळी असेल, दुखत नाही म्हणून थांबू नका, त्याच दिवशी दाखवा. टाक्यांतून पाणी, चालताना नवा खटका, पाय अचानक आखूड किंवा वाकडा दिसणं, यातलं काहीही झालं तर पायावर भार न देता रुग्णालय.

काकांनी या वहीला आपोआप वेबिलचं, म्हणजे कंडक्टरच्या हिशेबाच्या कागदाचं रूप दिलं. उभे रकाने, तारीख, वेळ, आकडे, शेवटी सही. सातव्या आठवड्यात त्यांच्या बायकोने फोन केला, पोटरीचा घेर दोन दिवसांत तीन सेंटिमीटरने वाढला होता. काका म्हणत होते, काही होत नाहीये. डॉप्लरमध्ये गुठळी निघाली, औषध सुरू झालं.

सर्जनची तपासणी साधारण सहा आठवडे, तीन महिने, सहा महिने, एक वर्ष, आणि त्यानंतर दरवर्षी, आयुष्यभर. सांधा ढिला व्हायला लागला तर इथे एक्स-रेच सांगतो. आणि दुसरा पाय विसरू नका. ऑपरेशनच्या दिवसांत सगळा भार त्याच्यावर गेलेला असतो. त्याचं पाऊल एखाद्या सकाळी कारण नसताना लाल, गरम, सुजलेलं दिसलं, तर तिथे नवा शार्को सुरू होत असू शकतो. काकांच्या वहीत म्हणून मी आणखी एक रकाना आखून दिला, 'उजवं पाऊल'. त्यात ते रोज एकच शब्द लिहितात. परवापर्यंत तरी 'गार' असाच होता.